सपाट म्हणजे किती सपाट? जोसेफ व्हिटवर्थची गोष्ट

तुमच्या फोनचे भाग ज्या मशीनवर बनले, त्या मशीनला अचूकता कुठून आली? दुसऱ्या मशीनमधून. आणि त्या दुसऱ्याला? असं मागे मागे जात राहिलात, तर शेवटी हातात स्क्रेपर घेतलेला माणूस भेटतो.

हा प्रश्न मला धाराशिवच्या एका वर्कशॉपमध्ये पडला. तिथे जुन्या मिलिंग मशीनची दुरुस्ती चालली होती. टेबल मधल्या भागात ढिलं आणि टोकाला नेलं की घट्ट. रोजचं काम मध्येच होतं, म्हणून टेबल ज्यावर सरकतं ते गाइडवे मध्येच झिजतात. हे दुरुस्त झालं नाही, तर मशीन भंगारात. फिटर निळा रंग लावलेली सरफेस प्लेट गाइडवेवर घासायचा, जिथे निळं उमटलं तो उंचवटा स्क्रेपरनं खरवडायचा. एका वेळी काही मायक्रॉनच निघतात. मग पुन्हा निळा, पुन्हा खरवड. पण प्लेट तरी सपाट आहे, हे कोणी ठरवलं?

याचं उत्तर जोसेफ व्हिटवर्थ यांच्या आयुष्यात आहे.

जोसेफचा जन्म 1803 साली इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला झाला. लहानपणीच आई गेली. चौदाव्या वर्षी तो मामा-काकांच्या नात्यातल्या एकाच्या सूतगिरणीत कामाला लागला. तिथे त्याचं मन व्यवसायापेक्षा यंत्रांत जास्त रमलं, आणि त्यानं मँचेस्टर गाठून मेकॅनिकचं काम धरलं. 1825 च्या सुमारास तो लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात गेला. त्या काळातलं ते सगळ्यात भारी वर्कशॉप. 1833 मध्ये मँचेस्टरला परतून व्हिटवर्थ यांनी स्वतःचा कारखाना काढला.

तेव्हा सपाट प्लेट बनवायला दोन प्लेटांमध्ये घासपूड टाकून त्या घासत. पण पूड कुठे किती धातू खाईल, यावर ताबा नसतो. 1840 मध्ये ग्लासगोच्या सभेत व्हिटवर्थ यांनी मांडलं की घासू नका, खरवडा. जिथे उंच आहे, तिथलंच काढा.

आणि प्लेटा दोन नाही, तीन घ्या. का? समजा पहिली प्लेट फुगीर आहे आणि दुसरी तितकीच खोलगट. दोन्ही एकमेकींवर अगदी चपखल बसतील आणि आपण फसू. आता तिसरी प्लेट दुसरीला जुळवली, तर तीही फुगीर होणार. मग पहिली आणि तिसरी एकमेकींवर ठेवा. दोन्ही फुगीर, फक्त मध्येच टेकतात. चोरी पकडली! तिन्ही प्लेटा आलटून-पालटून, फिरवून जुळवत गेलं, की तिन्ही सपाट झाल्याशिवाय सुटका नाही. आधीची कुठलीही अचूक वस्तू न वापरता अचूकता तयार होते, ती अशी. सपाट प्लेटा मॉडस्लेंकडेही वापरात होत्या, पण स्क्रेपिंगची ही पद्धत सगळीकडे पोहोचवली ती व्हिटवर्थ यांनी.

पुढे त्यांनी एका इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं मोजयंत्र बनवलं. 1841 मध्ये नटबोल्टचा गोंधळही त्यांनी मोडला. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवून, त्यांची सरासरी काढून त्यांनी 55 अंशांचा आटा ठरवला.

सगळंच जिंकले असं नाही. त्यांची षटकोनी नळीची रायफल चाचण्यांत लांबवर अचूक ठरली, तरी ब्रिटिश सैन्यानं ती स्वीकारली नाही. 1868 मध्ये त्यांनी होतकरू तरुण इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. 1887 मध्ये माँटे कार्लोला त्यांचं निधन झालं.

आज ग्राइंडिंग मशीनं आहेत, लेझर आहेत. तरी आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये स्क्रेपिंग शिकवतात, कारण झिजलेलं मशीन वाचवायला ते अजून उपयोगी पडतं. स्क्रेपरच्या बारीक खळग्यांत तेलही टिकतं, म्हणून टेबल अडखळत नाही. आणि आपल्याकडच्या मोटरच्या जीआय पाइपाचे आटे एकदा नीट बघा. त्यांचा कोन आजही 55 अंशच आहे.