गास्तों प्लान्ते : गाडीच्या बॅटरीचा जनक

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या आजीला दम लागला. मामांची गाडी दारातच उभी होती. पण किल्ली फिरवली तर नुसता टक् टक् आवाज! पेट्रोल वाचावे म्हणून मामांनी दीड महिना गाडी बाहेर काढली नव्हती. त्याआधीही ती बाजारापलीकडे क्वचितच जाई. शेवटी गल्लीतल्या एका रिक्षातून आजीला दवाखान्यात नेले. आजी आता बरी आहे. पण न वापरलेली वस्तू बिघडते कशी, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना घसारा हिशेबापुरता ठाऊक असतो. त्यामागचे कारण शोधता शोधता मी ज्या माणसापर्यंत पोचलो, त्याचे नाव गास्तों प्लान्ते.

प्लान्ते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्समधील ओर्थेझ या गावी झाला. त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे पियानोवादक म्हणून गाजला. गास्तों मात्र विज्ञानाकडे वळले. १८५४ मध्ये पॅरिस येथे एदमों बेकरेल या शास्त्रज्ञांचे ते प्रयोगशाळेतील साहाय्यक झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ म्यूदों येथे त्यांना एका प्रचंड प्राचीन पक्ष्याचे अश्मीभूत हाड सापडले. त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून गास्तोर्निस म्हणतात.

त्या काळी विजेचे घट होते; पण त्यातील जस्त झिजून गेले की घट संपला. तो पुन्हा भरण्याची सोय नव्हती. प्लान्ते यांनी निरनिराळ्या धातूंचे पत्रे आम्लात बुडवून त्यांतून वीज सोडली आणि प्रवाह बंद केल्यावर कोणता धातू किती वीज परत देतो, हे चिकाटीने तपासले. त्यात शिसे सर्वांत सरस ठरले. १८५९ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले व सौम्य गंधकाम्लात ठेवले. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी जन्माला आली! १८६० मध्ये अशा नऊ घटांची बॅटरी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

पण नवा पत्रा फारच थोडी वीज साठवी. प्लान्ते तो भरत, रिकामा करत, प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा भरत. मध्ये काही दिवस विश्रांती देत, पण परत त्याच्याकडे येत. असे महिनोन्महिने चाले. प्रत्येक फेरीत पत्र्याचा पृष्ठभाग अधिक सच्छिद्र होई आणि त्याची साठवणशक्ती वाढे. म्हणजे ती बॅटरी वापरानेच घडत होती.

मामांच्या गाडीचे कोडे मला इथे उलगडले. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. ती भरली की सल्फेट पुन्हा विरघळते. गाडी उभी असली तरी बॅटरी आतल्या आत हळूहळू उतरत असते, उन्हाळ्यात जास्तच. शिवाय घड्याळ व अलार्म थोडीथोडी वीज खातच असतात. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की सल्फेटचे बारीक कण मोठे व टणक होतात, मग ते सहजी विरघळत नाहीत. आखूड फेरीतही स्टार्टरने घेतलेली वीज पुरती भरून निघत नाही. म्हणून गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी रस्त्यावर चालवावी; नुसते इंजिन सुरू करून ठेवणे पुरेसे नाही. लांब गावी जायचे असल्यास बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी.

प्लान्ते यांच्या शोधाला बाजार मिळायला वीस वर्षे लागली, कारण बॅटरी भरण्यासाठी पुन्हा महागडे जस्ताचेच घट लागत. डायनामो आला तेव्हा स्वस्त वीज मिळाली. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन महिन्यांचे काम खूपच कमी वेळात आणले. त्याच वर्षी गुस्ताव त्रुवे यांनी पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालविली. प्लान्ते यांना हे दिवस पाहता आले. २१ मे १८८९ रोजी म्यूदों येथेच, जिथे त्यांना तरुणपणी ते हाड गवसले होते, त्यांचे निधन झाले. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाडीत बसला आणि त्यांची बॅटरी हळूहळू घरोघरच्या गाडीत पोचली. ते पाहायला मात्र प्लान्ते नव्हते.

मामांनी वाचविलेल्या पेट्रोलापेक्षा नव्या बॅटरीचे पैसे जास्त झाले. हा तोटा वहीत मांडता येतो. त्या रात्री आजीच्या उशाशी बसून रिक्षाची वाट पाहताना गेलेली वीस मिनिटे कोणत्या खात्यावर मांडावीत, हे मात्र मला अजून कळलेले नाही. आता दर रविवारी सकाळी मामा आजीला शेजारी बसवून गाडी गावाबाहेर फिरवून आणतात.