तापाने उतरवलेले भ्रम
हिवताप म्हटला की जळगाव-धुळ्यात काय, कुठेही धास्तीच. व्हिएन्नाच्या डॉ. युलिउस वाग्नर-याउरेग यांनी मात्र तो मुद्दाम रुग्णांना दिला. १८५७ मध्ये जन्मलेल्या या मनोविकारतज्ज्ञाने त्वचेच्या संसर्गाने फणफणलेल्या एका रुग्णेचे भ्रम ओसरताना पाहिले होते. १९१७ मध्ये त्यांनी उपदंश मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांना हिवतापाच्या रुग्णाचे रक्त टोचले. ताप काही वेळा चढू द्यायचा, मग क्विनाइन. अनेक जण सावरले, काही दगावले. दुसरा खात्रीचा उपाय नव्हता हे खरे, पण जुगारच तो! १९२७ मध्ये नोबेल मिळाले; १९४० मध्ये ते वारले. पुढे पेनिसिलिन आले आणि ही पद्धत मागे पडली. ताप हे उपजत प्रतिकारशक्तीचे हत्यार. तिच्यातल्याच ‘सी४’ या घटकाच्या जनुकाचा स्किझोफ्रेनियाच्या जोखमीशी संबंध २०१६ मध्ये दिसून आला.