रामन यांचा गज आणि आमची गिरणी

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची आठवण काढतो. रामन परिणाम, १९३० चं नोबेल, एवढं सगळ्यांना पाठ असतं. मी आज त्यांच्या वेगळ्याच कामाबद्दल लिहितोय. ते काम घर्षणाचं आहे.

बालाघाटला आमची पिठाची छोटी गिरणी आहे. वरच्या डब्यात धान्य कधी कधी अडकून बसतं. बाबा डब्याला दोन थापा मारतात, की दाणे सरसर खाली येतात. थरथरीने दाण्यांची पकड सुटते, हे मी लहानपणापासून बघतोय. पण शाळेच्या पुस्तकात घर्षण म्हणजे एक ठरलेला आकडा. मग तो थापेने कसा काय बदलतो? हे शोधताना मला रामन नव्याने भेटले.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे, व्हायोलिनही वाजवायचे. रामन विशाखापट्टणमच्या सेंट अ‍ॅलॉयशियस शाळेत शिकले, पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. १९०७ साली एम.ए. झाले आणि त्याच वर्षी सरकारच्या अर्थखात्यात मोठ्या हुद्द्यावर लागले. पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवायच्या. कलकत्त्याला रामन ऑफिसच्या आधी आणि नंतर इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचे. १९१० मध्ये बदली झाली नागपूरला. तेव्हा आपला बालाघाट जिल्हा मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर. म्हणजे रामन काही काळ आपल्याच प्रांतातले सरकारी साहेब होते! प्रयोग मात्र थांबले नाहीत, ते घरीच चालू राहिले.

१९११ ला कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी व्हायोलिनचा चांगलाच पिच्छा पुरवला. गजाच्या केसांना राळ लावलेली असते, म्हणून तार गजाला चिकटून त्याच्यासोबत ओढली जाते. मग ती एकदम सुटते, मागे घसरते आणि परत चिकटते. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. पण तार नेमकी कधी सुटणार? तारेवरून एक कोपरा धावत जातो, टोकावर आपटून परत येतो आणि गजापाशी पोचला की पकड सोडवतो. म्हणजे घर्षणाने कंपन होतं आणि तेच कंपन घर्षणाला कधी धरायचं, कधी सोडायचं ते सांगतं. तारेची ही चाल जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी आधी पाहिली होती. तिच्यामागचं गणित रामन यांनी १९१८ च्या आपल्या मोठ्या प्रबंधात सविस्तर मांडलं.

पुढे त्यांनी व्हायोलिन वाजवणारं यंत्रच बनवलं. त्यात गज जागेवर आणि व्हायोलिन पुढेमागे सरकणारी! सूर नीट लागायला गजाचा कमीत कमी किती दाब लागतो, ते त्यांनी मोजलं. घोडीच्या जवळ वाजवलं तर दाब बराच जास्त द्यावा लागतो. एखाद्या स्वराला वाद्याचं लाकूडच इतकं थरथरतं की गजाची पकड टिकत नाही आणि आवाज घुरघुरतो. त्याचंही कारण त्यांनी शोधलं.

या सगळ्याच्या मध्येच, १९१७ साली, त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. पगार जवळजवळ अर्ध्यावर आला. २१ नोव्हेंबर १९७० ला बंगळूरला ते गेले, तोवर विज्ञान सुटलं नव्हतं.

आमच्या घरीही सध्या एकच विषय आहे, सरकारी नोकरी. मी फॉर्म भरलाय, खोटं कशाला सांगू? रामन नोकरी सोडू शकले, मला ते जमेल असं नाही. पण सोडण्याआधीची दहा वर्षं त्यांनी नोकरी सांभाळूनच प्रयोग केले, ही गोष्ट मला जास्त धीर देते. नोकरी लागली म्हणजे डोकं बंद करायचं, असं कुठे लिहिलंय?

काल गिरणीत परत धान्य अडकलं. या वेळी थाप मी मारली, आणि किती हळू मारली तरी दाणे सुटतात, ते मोजत बसलो. बाबा म्हणाले, अभ्यास कर. मी तोच करत होतो.