मठाधिपती सुजेर : दगडातून प्रकाशाकडे

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी वॉल्टर्स कलासंग्रहालयात जुन्या करारातील एका राजाचे चुनखडीत कोरलेले शिर आहे. त्याचे धड कधीच नाहीसे झाले. बाराव्या शतकात हा राजा पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठमंदिराच्या पश्चिम द्वाराशी स्तंभाला टेकून उभा होता. ते द्वार उभारणारे मठाधिपती सुजेर यांचा जीवनपरिचय आम्ही येथे वाचकांसमोर ठेवीत आहोत.

सुजेर यांचा जन्म इ. स. १०८१ च्या सुमारास एका साध्या कुटुंबात झाला. दहा वर्षांचे असतानाच आईवडिलांनी त्यांना सेंट डेनिसच्या बेनेडिक्टाइन मठाला अर्पण केले. पुढे फ्रान्सचा राजा झालेल्या सहाव्या लुईशी त्यांचा स्नेह जडला. शरीराने खुजे, पण बुद्धीने तल्लख असलेले सुजेर ११२२ साली मठाधिपती झाले. राजदरबारात त्यांचा शब्द मानला जाई. ११४७ ते ११४९ या काळात सातवा लुई क्रुसेडवर गेला असता राज्याचा कारभार त्यांनीच सांभाळला.

दरबाराच्या सहवासाने मठाची शिस्त सैल झाली होती. ११२७ च्या सुमारास सुजेर यांनी ती पुन्हा बसवली, तेव्हा क्लेअरव्हॉच्या संत बर्नार्ड यांनी पत्र लिहून आनंद व्यक्त केला. एका बाबतीत मात्र दोघांच्या वाटा भिन्न होत्या. गरीब उपाशी असताना मठाच्या भिंती सजवणे संत बर्नार्ड यांना मान्य नव्हते. डोळ्यांना दिसणारे सौंदर्य मनाला अदृश्य परमेश्वराकडे नेते, अशी सुजेर यांची श्रद्धा होती. शिवाय जुने मंदिर इतके अपुरे पडे, की सणाच्या दिवशी गर्दीत स्त्रिया चेंगरत. पोंत्वाझजवळ उत्तम दगडाची खाण सापडली, तेव्हा तेथील दगड वर ओढून काढण्यासाठी सरदार व सामान्यजन एकाच दोराला जुंपले.

९ जून ११४० रोजी पश्चिम भागाचा आणि ११ जून ११४४ रोजी वेदीभोवतालच्या भागाचा अभिषेक झाला. टोकदार कमानी व रंगीत काचांतून झिरपणारा प्रकाश यांमुळे गॉथिक वास्तुशैलीचा आरंभ येथूनच मानला जातो. १३ जानेवारी ११५१ रोजी सुजेर प्रभुचरणी विलीन झाले.

द्वारावरील ते राजे व संदेष्टे १७७१ साली, फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीच, काढून टाकण्यात आले. ते शत्रूच्या हातून गेले नाहीत. घरच्यांनाच ते जुनाट वाटले. तथापि माँफोकाँ या बेनेडिक्टाइन संन्याशाने १७२९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांची रेखाचित्रे होती. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावरच विखुरलेल्या शिरांची ओळख विसाव्या शतकात पटली.

मंदिरावर खर्च करावा की भुकेल्यावर, हा प्रश्न आजही धर्मग्रामात नवे मंदिर बांधताना उभा राहतो. आमच्या मते संत बर्नार्ड यांचा इशारा दृष्टीआड करून चालणार नाही. मात्र सुजेर यांनी मधल्या द्वारावर अंतिम न्यायाचा देखावा कोरवून घेतला, तेव्हा न्यायाधीश ख्रिस्ताच्या चरणाशी गुडघे टेकलेली स्वतःची लहानशी आकृतीही त्यात घालविली. आपल्या खर्चाचा हिशेब कोणापुढे द्यावयाचा आहे, हे त्यांना ठाऊक होते. बांधणाऱ्यांनी आणि पाडणाऱ्यांनीही तेवढे ध्यानात ठेवावे.