सोपाऱ्याचा बाहिय

पालघर जिल्ह्यातील नालासोपारा तुम्हांला ठाऊक असेल. बुद्धकाळी त्याला शूर्पारक म्हणत. ते मोठे बंदर होते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप खणून काढला. त्याच सोपाऱ्याच्या एका माणसाची हकिकत उदान या पाली ग्रंथात व त्याच्या अट्ठकथेत आहे.

बाहिय हा व्यापारी. त्याचे जहाज फुटले आणि फळीच्या आधाराने तो सोपाऱ्याला लागला. अंगावर चिंधीही उरली नव्हती. त्याने झाडाच्या साली गुंडाळल्या आणि तो भिक्षा मागू लागला. म्हणून त्याला दारुचीरिय म्हणत. त्या काळी आजीवक श्रमण नग्न राहत. वस्त्र टाकले की मनुष्य साधू झाला, असा लोकांचा समज होता. त्यांनी बाहियाला अर्हत मानले. कोणी वस्त्र देऊ केले तर तो ते घेईना. वस्त्र नेसले तर मान जाईल, हे त्याने ओळखले. पुढे त्यालाही आपण अर्हत आहोत असे वाटू लागले. पाहा, अडचणीत गुंडाळलेली साल हेच त्याचे मोठेपण झाले!

एका देवतेने त्याला जागे केले, असे ग्रंथ सांगतो. आपण तिला त्याची विवेकबुद्धी म्हणू. आपण अर्हत नाही, त्या मार्गावरही नाही, हे कळताच सारा मानसन्मान सोडून तो श्रावस्तीला गेला. भगवान भिक्षेसाठी फिरत होते. त्याने रस्त्यातच उपदेश मागितला. भगवानांनी दोनदा थांबवले, तिसऱ्यांदा सांगितले: पाहताना केवळ पाहावे, ऐकताना केवळ ऐकावे, त्यात मीपणा मिसळू नये. तेवढ्याने बाहिय मुक्त झाला. थोड्याच वेळात एका वासरू असलेल्या गाईने त्याला मारले. चीवर त्याच्या अंगावर चढलेच नाही. तरी तथागतांनी त्याचा स्तूप बांधण्यास सांगितले आणि त्वरित बोध होणाऱ्या शिष्यांत त्याला अग्रस्थान दिले. भिक्षूंना मात्र त्यांनी नग्न राहण्याची मनाई केली.

जळगाव-धुळ्याकडील आपल्या वस्त्यांत आजही राख फासलेला कोणी बाबा आला की काही घरांतून पीठ, पैसा आणि नमस्कार बाहेर येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला यातूनच सोडवले. पण हाच प्रश्न स्वतःलाही विचारा. विहारात जाताना आपण पांढरी साडी, पांढरा सदरा घालतो. तो जरूर घालावा. मात्र घरी दारू, शिवीगाळ आणि मुलीची शाळा बंद असेल, तर तो सदरा म्हणजे बाहियाची सालच होय. बाहियाने ती ओळखली आणि तो उठून चालू लागला. तुम्हीही चला.