पक्ष्यांचे कैवारी सलीम अली

विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. मुंबईत खेतवाडी नावाचा भाग आहे. तेथे अमीरुद्दीन तय्यबजी नावाचे एक सधन व सुविद्य गृहस्थ राहत असत. त्यांना स्वतःचे मूलबाळ नव्हते. परंतु बहिणीच्या पोरक्या झालेल्या मुलांचा त्यांनी व त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांनी मायेने सांभाळ केला होता. या भाचरांतील सर्वांत धाकटा मुलगा म्हणजे सलीम. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. तो एक वर्षाचा असताना वडील वारले आणि तीन वर्षांचा होतो न होतो तोच आईचे छत्रही हरपले.

त्या काळी शिकार हा मोठ्या घरांतील प्रतिष्ठेचा छंद मानला जाई. मामांनी सलीमला छऱ्यांची एक लहानशी बंदूक बक्षीस दिली होती. ती घेऊन तो दिवसभर चिमण्यांच्या मागे हिंडे. आपण मोठे शिकारी व्हावे, एवढीच त्याची त्या वेळची महत्त्वाकांक्षा होती. एके दिवशी त्याने टिपलेली एक चिमणी त्याला नेहमीसारखी वाटली नाही. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणत्या जातीची, आपल्या धर्माप्रमाणे ती खाणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही उत्तर देता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ही संस्था पशुपक्ष्यांचा व वनस्पतींचा अभ्यास करते. मामांनी संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून सलीमला तिकडे पाठविले.

दहा-अकरा वर्षांचा तो मुलगा मेलेली चिमणी कागदात गुंडाळून, भीत भीतच गोऱ्या साहेबाच्या कचेरीत शिरला. पण मिलार्ड यांनी त्याला हसून जवळ बोलावले, चिमणीची जात सांगितली आणि संस्थेचा पक्षिसंग्रह उघडून दाखविला. एकेका खणात निरनिराळ्या रंगांचे, आकारांचे पेंढा भरलेले पक्षी मांडून ठेवले होते. आपल्या देशात इतके पक्षी आहेत, हे सलीमला त्या दिवशी प्रथमच कळले. मिलार्ड यांनी त्याला वाचावयास पुस्तके दिली व पक्षी जतन करून ठेवण्याची रीतही पुढे शिकविली. शिकारी होण्यास निघालेला मुलगा त्या दिवसापासून अभ्यासाच्या वाटेस लागला. पुढे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रालाही त्यांनी या चिमणीच्या पतनाचेच नाव दिले.

ही वाट सोपी नव्हती. शाळा-कॉलेजातील अभ्यासात सलीमचे मन फारसे रमले नाही. कॉलेज अर्धवट टाकून तो ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात मदत करण्यासाठी गेला. तेथे खाणीच्या व लाकडाच्या व्यापारापेक्षा भोवतालच्या जंगलातील पाखरांकडेच त्याचे लक्ष अधिक असे. मुंबईस परतल्यावर त्याने प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्याचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे मनाजोगती नोकरी मिळेना. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून सलीम अली यांची नेमणूक झाली. दोन वर्षांनी ते रजा घेऊन जर्मनीस गेले व बर्लिन येथे प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. परंतु १९३० मध्ये ते स्वदेशी परत आले, तेव्हा पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झाली होती.

दुसरा एखादा खचून गेला असता. सलीम अली मात्र पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहावयास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. ते तासन् तास बसून त्यांचे निरीक्षण करू लागले. सुगरणीचे घरटे मादी विणते असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ते नर विणतो. घरटे अर्धेमुर्धे झाले की माद्या येऊन ते पारखतात. एखादीला ते पसंत पडले म्हणजे नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणावयास घेतो. अशा रीतीने एक नर अनेक संसार उभे करतो. ही हकिकत सलीम अली यांनी पुराव्यांनिशी प्रसिद्ध केली, तेव्हा जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. बेकारीचे दिवस असे सार्थकी लागले.

पुढे त्यांनी निरनिराळ्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याचे काम अंगावर घेतले. आपणास वेतन नको, केवळ प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळावा, एवढीच त्यांची अट असे. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा प्रदेशांत बैलगाडीने, घोड्यावरून व पायी त्यांनी मजल दरमजल केली. तेहमिना बेगम या खडतर प्रवासात त्यांच्यासोबत असत. १९३९ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. हा आघात फार मोठा होता. सलीम अली यांनी उरलेले सारे आयुष्य कामाला वाहून घेतले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांची माहिती देणारा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात सिद्ध केला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. संग्रहालयांतील नमुन्यांसाठी सलीम अली यांनी स्वतः पक्षी मारले होते. शास्त्राच्या अभ्यासाला मोजके नमुने आवश्यक आहेत, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. पण केवळ करमणुकीसाठी केलेली हत्या आणि अविचाराने केलेली जंगलतोड यांना त्यांचा सक्त विरोध होता. वर्षानुवर्षे देशभर हिंडल्यामुळे एक भयंकर गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. पूर्वी जेथे थवे दिसत, तेथे आता तुरळक पक्षी दिसत. काही जाती तर दिसेनाशाच झाल्या होत्या. हिमालयातील पहाडी लावा या पक्ष्याचा शेवटचा नमुना १८७६ मध्ये मिळाला होता. सलीम अली त्याच्या शोधार्थ गेले, पण त्यांना तो सापडला नाही. त्याच कुमाऊँच्या पायथ्याशी, नाहीशी झाली असे वाटणारी फिनची सुगरण मात्र त्यांनी पुन्हा शोधून काढली. विझलेला दिवा पुन्हा लावता येतो. परंतु एखाद्या जातीचा शेवटचा जीव गेला, की जगातील सारी संपत्ती ओतूनही ती जात परत आणता येत नाही. हे सत्य त्यांना पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष रानात उमगले होते.

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव नावाची विस्तीर्ण पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तेथे दूरदूरच्या देशांतून हजारो पाणपक्षी येतात. संस्थानिकांच्या अमदानीत ते शिकारीचे राखीव स्थान होते. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो व त्यांचे सोबती यांनी तेथे ४,२७३ पक्षी मारले. योगायोग असा, की तो सलीम अली यांच्या वाढदिवसाचाच दिवस होता. स्वातंत्र्यानंतर या जागेवर दुसरेच संकट आले. देशात धान्याची टंचाई होती. तेव्हा येथील पाणी काढून जमीन शेतीखाली आणावी, अशी मागणी पुढे आली. उपाशी माणसापुढे पाखरांची बाजू मांडणे कठीण असते. परंतु सलीम अली यांनी या स्थानाचे महत्त्व पंतप्रधान पंडित नेहरू यांना पटवून दिले आणि ते पाणवठे वाचले. पुढे तेथे पक्ष्यांच्या पायांत लहान कडी घालून त्यांच्या प्रवासाचा अभ्यास करण्यात आला. १९८२ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली.

त्यांचा प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला असे मात्र नाही. १९६० च्या सुमारास भारताचा राष्ट्रीय पक्षी कोणता असावा, याचा विचार चालू झाला. सलीम अली यांनी माळढोकाचे नाव सुचविले. माळढोक हा उघड्या माळरानावर राहणारा, सुमारे एक मीटर उंचीचा भारदस्त पक्षी आहे. त्याची मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. त्यामुळे एकदा संख्या घटली, की ती भरून येण्यास फार काळ लागतो. मोराला लोकांचे प्रेम आधीच लाभले आहे. माळढोकाला हा मान मिळाला, तर या संकटात सापडलेल्या पक्ष्याकडे देशाचे लक्ष जाईल आणि तो वाचेल, असा त्यांचा विचार होता. पण १९६३ मध्ये मोराची निवड झाली. सलीम अली यांनी त्याबद्दल कटुता धरली नाही, तसेच माळढोकाची बाजूही सोडली नाही. १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील माळरानांवर माळढोक अभयारण्य घोषित केले. सोलापूरजवळचे नान्नज हे गाव त्यामुळे प्रसिद्धीस आले.

त्याच सुमारास केरळातील सायलेंट व्हॅली या प्राचीन अरण्यातून वाहणाऱ्या कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना पुढे आली होती. धरण झाले असते, तर अरण्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला असता. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातच आढळणारे सिंहपुच्छ वानर या अरण्याच्या आश्रयाने राहतात. त्यांच्यावर बेघर होण्याची पाळी आली असती. अनेक शास्त्रज्ञ, शिक्षक, कवी व सामान्य नागरिक या योजनेविरुद्ध उभे राहिले. ऐंशीच्या घरात पोहोचलेले सलीम अलीही त्यांच्यात होते. त्यांनी तेथे जाऊन अरण्य पाहिले व ते राखण्याची सरकारला विनंती केली. अखेर ती योजना रद्द झाली आणि १९८४ मध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली.

१९८६ च्या जानेवारीत एक आनंदाची वार्ता आली. जेर्डनचा धाविक नावाचा पक्षी १९०० नंतर कोणी पाहिल्याची नोंद नव्हती. तो नष्ट झाला असेच सर्वांना वाटत होते. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात, झुडपी रानात, सोसायटीच्या अभ्यासकाला तो पुन्हा आढळला. या शोधात तेथील एका गरीब पारध्याचे साहाय्य मोलाचे ठरले. रानाची खरी ओळख ज्यांना असते, त्यांची मदत घेतल्यावाचून रानातील जीव वाचविता येत नाहीत, हेच या घटनेने दाखवून दिले. पुढे त्या पक्ष्यासाठी तेथे अभयारण्य स्थापन झाले.

सलीम अली यांना अनेक मानसन्मान लाभले. १९५८ मध्ये पद्मभूषण व १९७६ मध्ये पद्मविभूषण या किताबांनी भारत सरकारने त्यांचा गौरव केला. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची रक्कम त्यांना मिळाली, तेव्हा ती स्वतःकडे न ठेवता त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकली. ज्या संस्थेत ते लहानपणी चिमणी घेऊन गेले होते, तिच्याशी असलेले त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले. २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यानंतर काय झाले, हेही जाणून घेतले पाहिजे. भरतपूरचे पाणवठे आजही पक्ष्यांनी गजबजतात. परंतु सायबेरियातून दर हिवाळ्यात तेथे येणारे पांढरेशुभ्र क्रौंच २००२ नंतर आलेले नाहीत. वाटेतील देशांतील शिकार व नष्ट झालेली पाणथळ स्थाने यांमुळे त्यांची ती परंपराच खुंटली. माळढोक तर देशात आता सुमारे दीडशेच उरले आहेत आणि ते बहुतेक राजस्थानात आहेत. महाराष्ट्राच्या माळरानांवर तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळराने नांगराखाली आली. आकाशातून विजेच्या तारा गेल्या, त्या या जड पक्ष्याला उडताना वेळीच दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो. जैसलमेरजवळ अंडी उबवून माळढोकाची पिले वाढविण्याचे काम २०१९ पासून चालू आहे. त्याला यश येत आहे. पण ही पिले मोठी होऊन स्वैर हिंडावयाची, तर त्यांना निर्भय माळरान हवे.

पाखरांना बोलता येत नाही. आपली जमीन गेली, आपले पाणी आटले, अशी तक्रार घेऊन ती कोणाच्या दारी जात नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते आणि बोलण्यापूर्वी त्यांना नीट ओळखावे लागते. सलीम अली यांनी आयुष्यभर हेच केले. आधी पाहिले, मग जाणले आणि मग निर्भयपणे सांगितले. आपल्या घराभोवती कोणकोणते पक्षी येतात, कोणत्या ऋतूत येतात, कोठे घरटे करतात, हे पाहून टिपून ठेवण्यास काही खर्च येत नाही. खेतवाडीतील त्या मुलाने एका चिमणीचे नाव विचारले, तेव्हा त्याच्या हातातील चिमणी मेलेली होती. आपल्याला तोच प्रश्न जिवंत पाखराकडे पाहून विचारता येतो.