ठिणगीचा धनी

जुन्या मोटारीचे प्लग घरच्या घरी बदलणे ही काही फार मोठी विद्या नव्हे. इंजिन पुरते थंड होऊ द्यावे. एका वेळी एकाच प्लगची वायर काढावी, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून टाकावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवून बसवावा. पाना लावायचा तो अगदी शेवटी. माझ्याकडे चार सिलिंडरची जुनी पद्मिनी आहे आणि तिचे एवढे काम मी वर्षानुवर्षे स्वतःच करत आलो आहे. बाहेर काढलेला प्लग म्हणजे इंजिनाची नाडी. टोक फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठणठणीत. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. आणि टोक तेलकट काळे असेल तर इंजिन तेल पिऊ लागले आहे, असे समजावे. राहते ती प्लगच्या टोकाशी असलेली फट. ती एक मिलिमीटरहूनही कमी असते आणि फीलर गेजनेच तपासावी लागते. या फटीत ठिणगी पडली तर मोटार चालते, नाही पडली तर ढकलावी लागते.

ही ठिणगी भरवशाची करणाऱ्या माणसाचे नाव रॉबर्ट बॉश. प्लगचा शोध त्याचा नव्हे. फ्रान्समधल्या लेन्वाच्या गॅस इंजिनात १८६० सालीच विजेची ठिणगी होती. बॉशचा जन्म त्यानंतरचा, २३ सप्टेंबर १८६१चा, जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. वडील शेतकरी आणि खानावळवाले. बारा भावंडांत हा अकरावा. शाळेत त्याचे मन फारसे रमले नाही. उल्ममध्ये उमेदवारी करून तो बारीक यंत्रकाम शिकला, १८८४ साली अमेरिकेत जाऊन एडिसनच्या कारखान्यात राबला, पुढे इंग्लंडमध्येही काही काळ राहिला. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्याने स्टुटगार्टमध्ये स्वतःचे छोटे वर्कशॉप काढले. टेलिफोन, विजेच्या घंटा, जे काम येईल ते तो करी. सुरुवातीची कित्येक वर्षे ओढगस्तीची गेली.

१८८७ साली एका गिऱ्हाइकासाठी त्याने जागेवर चालणाऱ्या इंजिनाचा मॅग्नेटो बनवला. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय, चुंबकाच्या बळावर वीज निर्माण करणारे यंत्र. त्या काळच्या मोटारींत इंधन पेटवायला बर्नरच्या ज्योतीने तापवलेली नळी असे. पेट्रोलशेजारी उघडी ज्योत, म्हणजे आगीशी खेळच. १८९७ साली बॉशकडे एक तीनचाकी द दियाँ-बुताँ गाडी मॅग्नेटो बसवण्यासाठी आली. तिचे इंजिन इतक्या वेगाने फिरे की नेहमीचा मॅग्नेटो त्यापुढे टिकेना. हा पेच सोडवला तो बॉशने नव्हे, त्याचा फोरमन झेरिंगर याने. पुढे १९०२ साली गॉटलोब होनोल्ड या त्याच्या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला प्लग सिद्ध केला. सिलिंडरच्या आत हलणारे, झिजणारे सुटे भाग गेले. उरली नुसती फट आणि ठिणगी. आज आपण पान्याने उघडतो तो प्लग मुळात याच रचनेचा.

बॉशचे मोठेपण मला इथे दिसते. बुद्धिमान माणसे हेरावीत, त्यांना मोकळीक द्यावी आणि बाहेर जाणारा प्रत्येक नग कसून तपासावा, हे त्याचे खरे कसब. त्याच्या काटकसरीची गोष्ट अजून सांगतात. जमिनीवर पडलेली टाचणी उचलून त्याने एका कर्मचाऱ्याला हे काय, म्हणून विचारले आणि हा माझा पैसा आहे, असे बजावले म्हणे. पण याच माणसाने १९०६ साली, कायद्याचे बंधन नसताना, कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. इतर कारखानदार त्याला लाल बॉश म्हणू लागले. तरीही १९१३ साली त्याच्याच कारखान्यात मोठा संप झाला, आणि तो घाव त्याच्या जिव्हारी लागला.

पहिल्या महायुद्धात लष्करी मागणीमुळे पैशाचा पूर आला. माणसे मरत असताना आलेला हा नफा त्याला बोचत होता. त्यातला मोठा वाटा त्याने नेकर नदीच्या जलमार्गासारख्या लोकोपयोगी कामांना देऊन टाकला. १९२१ साली तरुण मुलगा दीर्घ आजाराने गेला. होमिओपॅथीवर बॉशची श्रद्धा होती; १९४० साली त्याच्या देणगीतून स्टुटगार्टमध्ये होमिओपॅथीचे रुग्णालय उघडले.

हिटलरच्या काळाचा हिशेब मात्र असा सरळ लागत नाही. त्याच्या कंपनीने युद्धसाहित्य बनवले, आणि युद्धकाळात तिथे हजारो माणसे सक्तीने राबवली गेली. त्याच कंपनीने हिटलरविरोधी कटातल्या गोर्डेलरला १९३७पासून सल्लागाराच्या पदाचा आडोसा दिला. बॉशचा उजवा हात हान्स वाल्झ याने ज्यूंना मदत केली. त्याबद्दल १९६९ साली इस्राएलने त्याचा गौरव केला. १२ मार्च १९४२ रोजी बॉश वारला, तेव्हा ज्या राजवटीचा त्याला तिटकारा होता तिनेच त्याची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली. ही माणसे वाचवली म्हणून ती राबवलेली माणसे वजा होत नाहीत. आणि ती राबवली म्हणून ही वाचवलेली खोटी ठरत नाहीत. दोन्ही रकमा वहीत शेजारी शेजारीच राहू द्याव्या लागतात.

आपल्याकडे हा माणूस आला तो ‘मायको’ या नावाने. १९५१ साली बंगळूरला ही कंपनी उभी राहिली, पुढे नाशिकलाही कारखाना आला. २००८ साली तिचे नाव बॉश झाले, तरी नाशिककरांच्या तोंडी मायको सर्कल कायम आहे. स्टुटगार्टच्या मूळ कंपनीची बहुतेक मालकी १९६४ साली वारसांकडून त्याच्या नावाच्या धर्मादाय न्यासाकडे गेली. प्लगच्या डबीवर वर्तुळात एक खूण असते. ती मॅग्नेटोच्या आर्मेचरची आकृती आहे आणि १९१८ साली ती काढली होनोल्डने. डबीवर नाव मालकाचे आहे. खूण मात्र ज्याने ठिणगी पाडली त्याच्या हातची आहे.